यादीतली चार कऱ्हाडं

आमच्या गावच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर एक छोटी चिठ्ठी असते. वर वर्गांक, खाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. मराठी कादंबरी असेल तर ८९१.४६३ आणि त्याखाली देशपांडे असतील तर ‘देश’, कुलकर्णी असतील तर ‘कुल’. या चिठ्ठ्या ग्रंथपाल मावशींनी सत्तावीस वर्षं हातानं लिहिल्या. गेल्या मे महिन्यात त्यांच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि नव्या चिठ्ठ्या छापून द्यायचं काम मी अंगावर घेतलं. मी शाळेत गणित शिकवते. नववीच्या मुलांना पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची तोंडओळख करून द्यायची म्हणून दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ती भाषा शिकले होते. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये तयारच होती, साडेअकरा हजार ओळींची. आडनावाच्या रकान्यातली पहिली दोन अक्षरं कापायची, वर्गांकाखाली ठेवायची, छापायची. एका संध्याकाळचं काम वाटलं मला.

प्रत्यक्षात पहिली संध्याकाळ फाइल उघडण्यातच गेली. एक्सेलमधून साध्या मजकुराची फाइल काढली होती, युटीएफ-८ या प्रकारात. नोटपॅडमध्ये उघडली तर मराठी स्वच्छ दिसत होतं. प्रोग्राममधून उघडली की पहिल्याच ओळीला चूक दाखवून सगळं बंद. माझ्या विंडोजवरच्या पायथनला फाइलचं एन्कोडिंग (कुठल्या बाइटाचं कुठलं चिन्ह, तो तक्ता) सांगितलं नाही, तर ती फाइल पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्याप्रमाणे वाचली जाते. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं, आणि पाय मोडायच्या खुणेचा तिसरा बाइट नेमका त्या रिकाम्या जागांपैकी एकीवर पडतो. पहिल्या उकाराचंही तसंच. माझ्या फाइलची पहिली ओळ होती ‘दाखल क्रमांक’. ‘क्र’ मधल्या जोडाक्षरापाशी गाडी अडली होती. उघडतानाच युटीएफ-८ सांगितल्यावर ती अडचण मिटली आणि लगेच दुसरी उभी राहिली: ‘दाखल क्रमांक’ नावाचा रकाना सापडत नाही. समोर दिसतोय, तरी सापडत नाही. एक्सेल फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण ठेवतं, ६५२७९ क्रमांकाची, आणि ती माझ्या पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटली होती. ती गिळून टाकणारा युटीएफ-८ चा एक वेगळा प्रकार पायथनमध्ये आहे. तो लावला.

हे सविस्तर सांगते, कारण न दिसणाऱ्या खुणेशी माझी ती पहिली गाठ होती. पुढे सगळा महिना त्यांच्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी छापलेलं पहिलं पान घेऊन वाचनालयात गेले. मावशींनी डाव्या हातानं चष्मा सारखा केला आणि पान खिडकीकडे धरलं.

“अगं, हे काय? देशपांडे नुसते ‘दे’? आणि हे कोण, पाय मोडका प?”

“प्रधान असतील, मावशी.”

“प्रधानांचा ‘प्रधा’ व्हायला हवा. आणि क्षीरसागर क मध्ये घातलेस? फडक्यांचं तेवढं बरोबर आलंय.”

फडक्यांचं बरोबर आलं होतं, कारण ‘फड’ मध्ये काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. माझं ‘पहिली दोन’ आणि मावशींचं ‘पहिली दोन’ तिथेच तेवढं जुळत होतं. घरी येऊन मी आडनावांची लांबी मोजून पाहिली. क्षीरसागर: नऊ. मावशींच्या मोजणीत क्षी, र, सा, ग, र, म्हणजे पाच. पायथनच्या मोजणीत क, पाय मोडायची खूण, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र. ‘स्त्री’ हे एकच अक्षर, तिथे सहा. ‘मराठी’ ही तीन अक्षरं, तिथे पाच, आणि फाइलमध्ये पंधरा बाइट.

मुलांना शिकवताना मी बिनधास्त सांगत आले होते की लेन हे फंक्शन शब्दातली अक्षरं मोजतं. इंग्रजी शब्दांवर ते खरंच तसं करतं, म्हणून कधी शंका आली नाही. मराठीत ते चिन्हं मोजतं. पायथनमधली स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही युनिकोडच्या क्रमांकांची माळ असते; युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक. क ला २३२५, म ला २३५०, हलन्ताच्या, म्हणजे पाय मोडायच्या खुणेला २३८१. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार या प्रत्येकाला स्वतःचा मणी. माळ कुठेही कापता येते आणि कापणाऱ्याला कळतही नाही की आपण अक्षराच्या मधोमध सुरी घातली.

पहिलं काम मग स्ट्रिंग अक्षरांत तोडायचं. यासाठी पायथनची एक तयार लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेल्या फंक्शनांचा संच) आहे, जिच्यात दिसायला एक असणारा चिन्हांचा गट एका खुणेनं पकडता येतो. ती लावली तर देशपांडे ‘दे, श, पां, डे’ असे छान सुटले, पण क्षीरसागर ‘क्, षी, र, सा, ग, र’. जोडाक्षर तुटलेलंच. शोध घेतला तेव्हा कळलं, युनिकोडच्या नियमांतच बरीच वर्षं जोडाक्षर दोन गटांत मोडायचं. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. माझ्याकडची लायब्ररी त्याआधीची होती. मी नव्याची वाट पाहिली नाही. चार ओळींचं फंक्शन लिहिलं: व्यंजन किंवा स्वर आला की नवं अक्षर सुरू करायचं, त्याच्या मागून येणारी चिन्हं त्यालाच जोडत जायची, आणि आधीचं अक्षर हलन्तावर संपलं असेल तर पुढचं व्यंजनही त्याच्यातच घालायचं. मराठी वाचणाऱ्या माणसाला हा नियम सांगावाही लागत नाही. पहिलीतलं पोर ‘क्षी’ वर एकदाच बोट ठेवतं.

चिठ्ठ्या दुरुस्त झाल्या. देश, कुल, प्रधा, क्षीर. इथे थांबले असते तर चाललं असतं, पण मावशींनी विचारलं, “एवढं करतेच आहेस, तर यादीतली दुबार नावं काढून देशील का? वार्षिक तपासणीत दरवेळी त्यावरून बोलणी बसतात.”

यादी तीन हातांनी टाइप झाली होती. जुना भाग एका डीटीपीवाल्यानं पूर्वीच्या फॉन्टात टाइप केलेला आणि नंतर कुणी तरी युनिकोडमध्ये बदललेला. मधला भाग वाचनालयातल्या मुलीनं इनस्क्रिप्ट कीबोर्डवर भरलेला. अलीकडची पुस्तकं मावशींच्या पुतण्यानं मोबाइलवर टाइप करून पाठवलेली, आणि काही ओळी त्यानं आणखी कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून आणलेल्या. पडद्यावर सगळं मराठी सारखंच दिसत होतं.

प्रकाशनस्थळाच्या रकान्यात मी ‘कऱ्हाड’ शोधलं. आमच्या भागातल्या कितीतरी लेखकांनी पुस्तकं तिथेच छापून घेतलेली, तेव्हा दीडशे तरी सापडावीत असा अंदाज होता. सापडली एकसष्ट. रकान्यातली वेगवेगळी स्थळं एकदाच घेऊन क्रमानं छापली तर कऱ्हाड चार वेळा आलं, शिवाय ‘कराड’ वेगळं. चारांपैकी तीन डोळ्यांना अगदी सारखी.

मग मी त्या चारही स्ट्रिंगा सोलून पाहिल्या. पायथनमध्ये युनिकोडडेटा नावाचं एक मॉड्यूल आहे; कुठलंही चिन्ह द्या, ते त्याचं अधिकृत नाव सांगतं. एकेका कऱ्हाडमधली चिन्हं एकाखाली एक छापली. पहिल्यात क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा. हा ऱ म्हणजे खाली टिंब असलेला स्वतंत्र र, क्रमांक २३५३. इनस्क्रिप्टवर त्याची वेगळी कळ आहे, म्हणजे हे त्या मुलीचं टायपिंग. दुसऱ्यात क, साधा र, हलन्त, आणि मग एक चिन्ह ज्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, क्रमांक ८२०५, पुढे ह, काना, ड. सात. शून्य रुंदीचा हा जोडक पडद्यावर दिसत नाही; त्याचं काम एवढंच की मागच्या र ला रफार होऊ द्यायचा नाही, आडवा र करायचा. हे मोबाइलवरून आलेलं. तिसऱ्यात क, साधा र, मग सुटं नुक्त्याचं टिंब, हलन्त आणि पुढचं तसंच. तेही सात. चौथ्यात ना टिंब ना जोडक, म्हणून ह च्या डोक्यावर रफार: ‘कर्हाड’. जुना फॉन्ट बदलताना आडव्या र चं काय करायचं ते बदलणाऱ्या प्रोग्रामला ठाऊक नसावं.

त्या रात्री मी बराच वेळ ते चार रकाने बघत बसले. एका गावाचं नाव, चार माळा, आणि यंत्राच्या दृष्टीनं ही चार वेगळी गावं. वाचनालयात येऊन कुणी ‘कऱ्हाडची पुस्तकं दाखवा’ म्हटलं, तर त्याला निम्म्याहून अधिक पुस्तकं दिसलीच नसती, आणि ती आहेत हेही कधी कळलं नसतं.

यातला एक पेच युनिकोडनंच सोडवून ठेवला आहे. सुट्या टिंबाचा र आणि जोडून आलेला ऱ हे एकच, असं तिथे लिहिलेलं आहे, आणि नॉर्मलाइझ केलं, म्हणजे समान मानलेल्या रूपांचं एकच रूप करून घेतलं, की तिसरं रूप आपोआप पहिल्यासारखं होतं. माझी अपेक्षा होती की दुसरंही होईल. झालं नाही. जोडकवाला र आणि ऱ सारखे दिसत असले तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही.

इथे माझ्या हातून चूक झाली. यादीत न दिसणाऱ्या खुणा ठिकठिकाणी होत्या: शून्य रुंदीचे जोडक, शून्य रुंदीचे तोडक, शून्य रुंदीची जागा. शब्दाच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढायला स्ट्रिप वापरतात, पण स्ट्रिप या खुणांना मोकळी जागा समजत नाही, त्या तशाच राहतात. मला त्यांचा वैताग आला होता. युनिकोडमध्ये या सगळ्यांचा एकच वर्ग आहे. तो वर्ग पकडला आणि साडेअकरा हजार ओळींमधून सगळ्या खुणा एका झटक्यात पुसल्या. फाइल त्याच नावानं साठवली. दुबार नावांचा आकडा भराभर खाली आला. समाधानानं झोपले.

दोन दिवसांनी मावशींचा फोन.

“अगं, त्या डोंगरभटकंतीच्या पुस्तकाचं नाव काय करून ठेवलंस? ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांतून’?”

“काय झालं?”

“दर्या म्हणजे समुद्र गं. सह्याद्रीत दऱ्या असतात.”

मी फाइल उघडली. वाऱ्याचा ‘वार्या’ झाला होता, कोऱ्याचा ‘कोर्या’, तऱ्हेची ‘तर्हे’. मोबाइलवरून टाइप झालेल्या प्रत्येक ओळीत आडवा र उठून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला होता. मराठीत या दोन र मध्ये अर्थाचा फरक आहे. आचार्यांना दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यांना दिलेली मजुरी एक नव्हे. तो फरक त्या ओळींमध्ये फक्त एका न दिसणाऱ्या खुणेच्या आधारावर उभा होता, आणि मी त्या सगळ्या खुणा कचरा म्हणून काढून टाकल्या होत्या. उलट फिरायचीही सोय नव्हती. ‘दर्या’ ही स्ट्रिंग पाहून ती आधी दऱ्या होती की खरोखरच दर्या, हे कुठल्याच प्रोग्रामला सांगता येणार नाही. सागरावरच्या पुस्तकांत खरेखुरे दर्ये होतेच.

मूळ फाइल मावशींनी पेनड्राइव्हवर ठेवली होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मूळ फाइलला मी हात लावत नाही. प्रत्येक पायरीची वेगळी फाइल, नावात तारीख.

पुन्हा सुरुवात केली ती उलट्या बाजूनं. आधी साधा र, हलन्त आणि जोडक ही तीन चिन्हं ओळीनं आली की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे. हे रिप्लेसच्या एका ओळीचं काम. (स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही, रिप्लेस नवी स्ट्रिंग परत देतं; ती पकडून ठेवली नाही तर जुनीच हातात राहते. मुलं या जागी हमखास चुकतात.) मग नॉर्मलाइझ. आणि मगच उरलेल्या न दिसणाऱ्या खुणांकडे वळायचं.

त्या उरलेल्यांतही एक घोळ होता. ‘वाङ्मय’ हा आमच्या यादीत शेकडो वेळा येणारा शब्द. काहींनी तो साधा टाइप केलेला, काहींनी ङ् नंतर शून्य रुंदीचा तोडक घातलेला, म्हणजे म खाली लटकत नाही आणि ङ चा पाय मोडलेला स्पष्ट दिसतो. छापताना तो तोडक हवा, शब्द वाचायला सोपा जातो. शोधताना नको, नाहीतर एक वाङ्मय दुसऱ्याला भेटत नाही. बरेच दिवस मी यातलं एक निवडायच्या मागे होते. शेवटी दोन रकाने केले. एक दाखवायचा, टाइप करणाऱ्यानं जसं लिहिलं तसा, फक्त उघड चुका काढलेला. दुसरा ताडून पाहायचा, कुणाला न दिसणारा, त्यात तोडक नाहीत, विरामचिन्हं नाहीत, सगळ्या रूपांचं एकच रूप. शोध आणि दुबारांची जुळणी दुसऱ्यावर, छपाई पहिल्यावर. हे सुचल्यावर पुढची निम्मी भांडणं मिटली.

ताडायच्या रकान्यात किती गोष्टी एक कराव्या लागल्या! ‘दुःख’ मध्ये कुणी विसर्ग दिलेला, कुणी इंग्रजी अपूर्णविराम. ‘ॲड.’ तीन तऱ्हांनी: एकात ॲ हे एकच चिन्ह, क्रमांक २४१८, दुसऱ्यात अ आणि वर सुटी चंद्राची खूण, तिसऱ्यात ए वर चंद्र दिलेला ऍ. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ या आवृत्तीत, तोवर लोकांनी अ वर चंद्र देऊनच दिवस काढले, आणि ही दोन रूपंही नॉर्मलाइझनं एक होत नाहीत. जुन्या फॉन्टातून आलेल्या भागात ‘को’ मधला ओकार काना आणि मात्रा असा दोन चिन्हांत तुटलेला. काही फॉन्टांत तो जुळून दिसायचा, काहींत मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर तरंगायची. या सगळ्यांचा एक तक्ता केला, डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे हवं ते. तक्ता वाढत वाढत दोन पानांचा झाला.

आकड्यांनी मात्र अजिबात त्रास दिला नाही. प्रकाशनवर्ष कुणी १९६० लिहिलेलं, कुणी इंग्रजी अंकांत, एका ठिकाणी तर निम्मे अंक देवनागरी आणि निम्मे इंग्रजी. पायथननं सगळ्यांचा पूर्णांक मुकाट करून दिला. देवनागरी अंक त्याला अंक म्हणून माहीत आहेत, याचं मला फार बरं वाटलं.

अक्षरांच्या बाबतीत तेवढं सुख नाही. पुस्तकांच्या नावांतले शब्द वेगळे काढून शब्दसूची करावी म्हणून मी नेहमीची रेगेक्स, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायची खूण, लावली, ‘शब्दातली चिन्हं’ पकडणारी. ‘मराठी’ चे ‘मर’ आणि ‘ठ’ झाले. ‘वाचनालय’ चे ‘व’, ‘चन’, ‘लय’. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्सच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी हे शब्दाचे भागच नाहीत. तिथे शब्द संपतो. मराठी शब्द पूर्णपणे अक्षरांचा आहे का असं विचारलं तर उत्तर येतं, नाही. यावर मला खरा राग आला. कोट्यवधी लोक रोज ज्या खुणा लिहितात त्यांना अक्षराचा अवयव न मानणं ही चूकच आहे, आणि ती चूक शिकणाऱ्या पोराला आपली वाटते. मी रेगेक्स सोडली आणि देवनागरीची सगळी चिन्हं, म्हणजे २३०४ ते २४३१, ही शब्दाचीच असं स्वतः ठरवून दिलं. दंड आणि दुहेरी दंड तेवढे वगळले.

मग क्रम. याला मी सर्वांत घाबरत होते आणि यातच सर्वाधिक आनंद मिळाला.

पायथनच्या सॉर्टेड या फंक्शनला यादी दिली की ते ती युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लावतं. ल २३५४, ळ २३५५, व २३५७. म्हणजे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो. वर्णमालेत तर आपण ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ म्हणतो. मुळात युनिकोडनं देवनागरीचा तक्ता इस्की या भारतीय मानकावरून घेतला, १९८८ च्या. त्यात साऱ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवल्या होत्या, एका लिपीतलं अक्षर दुसऱ्या लिपीत त्याच जागी सापडावं म्हणून. तमिळमध्ये असलेल्या अक्षरांसाठी देवनागरीत ऱ आणि ऴ च्या जागा ठेवलेल्या दिसतात त्याही त्यामुळेच. साचा म्हणून तो उत्तम आहे, पण मराठी वाचनालयाच्या कपाटांचा क्रम तो नव्हे. अनुस्वाराचा क्रमांक तर २३०६, सगळ्या स्वर-व्यंजनांच्या आधी. त्यामुळे ‘कंक’ हे ‘कदम’ च्या वर गेले, आणि क्षीरसागर क च्या तळाशी.

मावशींकडे गेले आणि दाखल नोंदवही व ग्रंथसूचीचे जुने खंड समोर घेऊन बसले. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. क ची बाराखडी पूर्ण: क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. त्यानंतर क ची जोडाक्षरं. क्ष आणि ज्ञ यांची कपाटं वेगळी, सर्वांत शेवटी, ळ च्याही नंतर.

“आणि कां? कांबळे कुठे लावता?”

मावशी थांबल्या. उठून कपाटाकडे गेल्या, बोटानं पुस्तकांच्या पाठी मोजत चालल्या.

“का संपला की कां. काळे, मग कांबळे. मी कधी ठरवलं नव्हतं गं, पण लागलेत असेच.”

एवढी वर्षं हातानं लावलेला क्रम पुस्तकांच्या रांगेत होता. मला तो फक्त आकड्यांत उतरवायचा होता. शब्द अक्षरांत तोडायचं फंक्शन तयारच होतं. प्रत्येक अक्षराला तीन आकडे दिले: व्यंजनाचा वर्णमालेतला नंबर, स्वराचा बाराखडीतला नंबर, आणि अनुस्वार आहे की नाही. फक्त ‘कं’ सारख्या अक्षरात अनुस्वारालाच स्वर धरून औ च्या पुढचा नंबर. क्ष आणि ज्ञ तोडायच्या आधीच ओळखून त्यांना व्यंजनांसारखे स्वतःचे नंबर, ह आणि ळ च्या पुढचे. सॉर्टेडला सांगितलं की स्ट्रिंगकडे बघू नकोस, या आकड्यांकडे बघ. कंक कौ च्या मागे गेले, कांबळे काळ्यांच्या मागे, आणि क्षीरसागर पार शेवटच्या पानावर. मावशींनी छापील यादी हातात घेऊन कपाटांसमोरून एक फेरी मारली. तीन ठिकाणी फरक निघाला. त्यातल्या दोन ठिकाणी पुस्तकंच चुकीच्या जागी ठेवलेली होती.

दुबारांचं काम सर्वांत शेवटी संपलं. जवळपास सारख्या स्ट्रिंगा शोधून देणारं एक मॉड्यूल पायथनबरोबरच येतं. त्यानं जोड्या भरपूर दिल्या, पण कुलकर्णी आणि कुळकर्णी हेही त्यानं एक करायला सुचवलं. ते मी केलं नाही. माणूस आपलं आडनाव ळ नं लिहीत असेल तर ते तसंच राहायला हवं, यंत्राला ते कितीही जवळचं वाटो. कऱ्हाड आणि कराड यांचंही मी एक केलं नाही. पुस्तकावर जे छापलंय ते दाखवायच्या रकान्यात राहिलं, आणि शोधताना एकावरून दुसरं सापडेल अशी तक्त्यात नोंद केली. कऱ्हाडची पुस्तकं आता एकशे चौऱ्याहत्तर निघतात.

यंत्रानं ठरवायच्या नाहीत अशा सदतीस जोड्या उरल्या. त्या छापून मावशींना दिल्या. रोज दुपारी देवघेव संपली की त्या एकेक पुस्तक काढतात, पहिलं पान उघडून नाव मोठ्यानं वाचतात, आणि डाव्या हातानं यादीवर खूण करतात. काल अठरा झाल्या होत्या. एकोणिसाव्या जोडीतलं एक पुस्तक बाइंडिंगला गेलंय, ते सोमवारी येईल.